सगळ्यांच्या देखत

किशोरवयीन मुलांच्या मारामाऱ्यांविषयी मुलांशीच बोलणे, हा माझ्या समुपदेशनाच्या कामाचा मोठा भाग आहे. ‘का मारलेस?’ या प्रश्नाला मुले नाना तऱ्हेची उत्तरे देतात. त्याने आईवरून शिवी दिली, त्याने आधी ढकलले, तो कधीपासून खुन्नस देत होता, त्याची तीच लायकी आहे. ही उत्तरे मुलागणिक बदलतात. परंतु त्यांच्या शेवटी, आवाज खाली आणून आणि जणू फारसे महत्त्वाचे नाही अशा सुरात, एक वाक्य हमखास येते: ‘आणि सगळे बघत होते.’ मोठी माणसे हे वाक्य कानाआड करतात. बघत होते तर बघू दे, त्यात काय एवढे, असे त्यांना मनापासून वाटते, कारण त्यांच्या वयात ते बरेचसे खरेही असते. माझे मत मात्र दिवसेंदिवस पक्के होत गेले आहे की मुलाने सांगितलेल्या सगळ्या कारणांत हेच कारण सर्वांत खरे असते. निव्वळ रागाने हात उचलला जाण्याचे प्रसंग मी फार थोडे पाहिले आहेत. हात उचलला जातो तो चारचौघांत आपण लहान ठरू या भीतीने. आणि म्हणून मान न गमावता मागे कसे फिरायचे, हे ज्या मुलाला कोणी शिकवलेच नाही, त्याला राग आवरायला सांगण्यात फारसा अर्थ नसतो.

राग वाईट असतो, तो येऊच द्यायचा नाही, हा उपदेश मुलांनी लहानपणापासून इतका ऐकलेला असतो की त्याचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. मला तर तो मुळातच पटत नाही. न केलेल्या गोष्टीचा ठपका आपल्यावर ठेवला गेला, धाकट्या बहिणीला कोणी त्रास दिला, अंगकाठीवरून किंवा रंगावरून कोणी रोज टोमणे मारले, तर राग येणे हे मन शाबूत असल्याचेच लक्षण आहे. अशा मुलाला ‘रागावू नकोस’ असे म्हटले की त्याचा राग जागच्या जागी राहतो, फक्त तो आपल्याला सांगायचे बंद करतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेमंड नोव्हाको यांनी १९७० च्या दशकात रागाच्या नियमनाची पद्धतशीर मांडणी केली, तेव्हाही राग नाहीसा करणे हे तिचे उद्दिष्ट नव्हते. राग येताना मनात काय चालते, शरीर काय करते आणि त्यानंतर आपण काय करतो, या तीन गोष्टी सुट्या करून पाहायला शिकवणे, हा त्या कामाचा गाभा आहे. राग आणि हिंसा यांच्यामध्ये एक अंतर असते. ते कधी काही सेकंदांचे असते, कधी काही दिवसांचे. त्या अंतरात आपल्या आत काय घडले, हे मुलाला दिसू लागले तरच त्यात त्याला काही करता येते.

त्या अंतरातली सर्वांत मोठी जागा व्यापतात ती बघणारी मंडळी. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी पालकांना आवर्जून सांगते. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी किती पुढे न्यायची आणि कुठे थांबायचे, एवढाच निर्णय खेळणाऱ्याने घ्यायचा होता. १३ ते १६ वर्षांची मुले, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४ वर्षांच्या पुढचे प्रौढ असे तीन गट होते. प्रत्येक गटातले काही जण एकटे खेळले आणि काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे साथीदार होते. एकटे खेळताना तिन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. साथीदार बघत असताना प्रौढ होते तसेच खेळले, किशोरांनी पत्करलेली जोखीम मात्र जवळजवळ दुपटीने वाढली. पुढे २०११ मध्ये स्टाइनबर्ग यांच्या सहकाऱ्यांनी अशाच खेळाच्या वेळी मेंदूचे चित्रण केले. या वेळी मित्र शेजारच्या खोलीत होते आणि पडद्यावर खेळ पाहत होते, म्हणजे शेजारी बसून चिथावणारे किंवा हसणारे कोणी नव्हते. तरीही मित्र पाहत आहेत एवढे ठाऊक असणे किशोरांना पुरले. बक्षिसाची ओढ लावणारे त्यांच्या मेंदूतले भाग अधिक जागे झाले, आणि प्रौढांच्या बाबतीत तसे झाले नाही.

मुलांचा मेंदू अजून घडतो आहे, हे वाक्य हल्ली सगळ्यांच्या तोंडी असते आणि ते मुलांना अजाण ठरवण्यासाठी वापरले जाते, याचे मला वाईट वाटते. अकरा देशांतल्या पाच हजारांहून अधिक जणांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की शांत असताना विचार करण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षीच प्रौढांच्या पातळीला पोचते. भावना तापलेल्या असताना स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र त्यानंतरही काही वर्षे वाढत राहते. माझ्या खोलीत येऊन अतिशय समंजसपणे बोलणारा आणि दुसऱ्याच दिवशी मैदानात कोणाचे तरी नाक फोडणारा मुलगा खोटारडा नसतो. तो दोन्हीकडे खराच असतो. त्याचा समंजसपणा बंद खोलीत तयार झालेला असतो आणि गोंगाटात तो त्याच्या हाताशी येत नाही. म्हणून शांत खोलीत, शांत आवाजात, एकट्या मुलाला दिलेली शिकवण अपुरी पडते. सराव करायचा तर तो बघणाऱ्यांसमोरच करायला हवा. त्याविषयी पुढे लिहिते.

बघणाऱ्यांच्या समोर मूल एका क्षणात जो निष्कर्ष काढते, तो समोरच्याच्या हेतूविषयीचा असतो. केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलगे एक कोडे जुळवत होते आणि त्यांचे जुळवलेले तुकडे दुसऱ्या कोणी तरी मोडले आहेत असे भासवण्यात आले. ते मुद्दाम मोडले हे स्पष्ट असताना सगळेच चिडले. चुकून मोडले हे स्पष्ट असताना सगळ्यांनीच आवरते घेतले. फरक पडला तो हेतू कळत नसताना. आक्रमक म्हणून ओळखले जाणारे मुलगे त्याने मुद्दामच केले असे धरून वागले, आणि बाकीचे मुलगे ते चुकून झाले असे धरून वागले. रोजच्या जगण्यात हेतू लख्ख दिसण्याचे प्रसंग किती थोडे येतात, हे ध्यानात घेतले की या निष्कर्षाचे वजन कळते. कोणी तरी हसले, कोणी तरी उत्तर दिले नाही, कोणी तरी संदेश वाचून गप्प राहिले. या सगळ्याचा अर्थ आपणच लावायचा असतो.

एका पंधरा वर्षांच्या मुलाशी झालेले बोलणे मी इथे जसे आठवते तसे मांडते. जिन्यात त्याला धक्का लागला होता, हातातल्या बाटलीतले पाणी अंगावर सांडले होते आणि त्याने धक्का देणाऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला होता. घडलेला प्रसंग कॅमेऱ्यात पकडला आहे असे समज, आणि मी ‘थांब’ म्हणेन तिथे थांबून फक्त काय दिसते ते सांग, असे मी त्याला म्हटले.

‘त्याने मुद्दाम धक्का दिला.’

‘मुद्दाम आहे हे कशावरून दिसते?’

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘तो हसत होता.’

‘तुझ्याकडे बघून?’

‘नाही. मागे वळून. मागच्याशी काही तरी बोलत होता.’

‘धक्का लागल्या लागल्या तुझ्या डोक्यात काय आले?’

‘की आता ओल्या शर्टाने वर्गात कसं बसायचं.’

‘आणि मग?’

‘मग हे सगळे ओरडले ना, ओऽऽ करून.’

त्या आरोळीपर्यंत त्याच्या डोक्यात शर्टच होता, हे त्याच्या स्वतःच्या लक्षात आले आणि तो माझ्याकडे बघत राहिला. शर्टाची अडचण आणि ठोसा यांच्यामध्ये आणखी काही घडले होते, आणि ते धक्का देणाऱ्या मुलाने केलेच नव्हते. त्यानंतर मी विचारले की त्या आरोळीनंतर तुझ्यापुढे कोणते पर्याय होते. तो म्हणाला, ‘काहीच नव्हते मॅडम. गप्प बसलो असतो तर वर्षभर फट्टू म्हणून चिडवलं असतं.’ हे उत्तर मला अतिशय प्रामाणिक वाटले. त्याला जेवढे पर्याय ठाऊक होते तेवढ्यांत मारणे हाच खरोखर सर्वांत शहाणपणाचा पर्याय होता. त्याला नवा पर्याय न देता ‘मारू नकोस’ म्हणणे म्हणजे वर्षभर चिडवून घे, असे सांगण्यासारखेच झाले असते.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. प्रत्येक धक्क्यात वैर पाहणारी मुले ती सवय कुठून आणतात, याचे एक उत्तर डॉज यांच्याच पुढच्या कामात आहे. लहानपणी घरी ज्यांना शारीरिक मार सोसावा लागला, त्या मुलांमध्ये समोरच्याचा हेतू वाईटच आहे असे धरण्याची प्रवृत्ती अधिक आढळते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले. ज्या घरात पावलांच्या आवाजावरून आजची संध्याकाळ कशी जाणार हे ओळखावे लागते, त्या घरात असा संशय मुलाला वाचवतो. त्याच संशयाने ते बाहेर वागले की आपण त्याला भांडकुदळ ठरवतो. अशा मुलाला ‘तुझे चुकते आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘हे तुला कुठे तरी उपयोगी पडले असणार, इथेही त्याची गरज आहे का, ते पाहू’ असे म्हटले, तर ते निदान ऐकून घेते.

आता शरीराविषयी. राग आला की छातीत धडधड वाढते, कान तापतात, जबडा आवळला जातो, हाताच्या मुठी वळतात, नजर समोरच्या एकाच चेहऱ्यावर खिळते. मुलांना ही लक्षणे विचारली तर ती फार नेमकी सांगतात; एक मुलगी म्हणाली होती की तिला आधी गळ्यात आवंढा येतो आणि लोकांना वाटते की ती रडणार आहे, पण ती मारण्याच्या बेतात असते. आपले पहिले लक्षण कोणते, हे ज्याचे त्याला ओळखता आले पाहिजे, कारण नंतरची लक्षणे इतक्या वेगाने येतात की तेव्हा विचाराला वाव उरत नाही. त्या पहिल्या लक्षणाला काय करायचे, याबद्दल मात्र एक चुकीची समजूत घट्ट रुजलेली आहे. राग बाहेर काढून टाकावा, उशीवर ठोसे मारावेत, म्हणजे मन मोकळे होते, असे पालक आणि कधी कधी शिक्षकही सांगतात. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये सहाशे विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात याची परीक्षा झाली. विद्यार्थ्यांना आधी अपमानास्पद शेऱ्यांनी चिडवले गेले. मग काहींनी ज्याने चिडवले त्याला मनात आणून ठोसे मारायच्या पिशवीवर ठोसे मारले, काहींनी व्यायाम म्हणून मारले, आणि काही जण दोन मिनिटे नुसते बसून राहिले. त्या माणसाला आठवत ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त उरला आणि पुढे संधी मिळताच तेच सर्वांत आक्रमकपणे वागले. नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. २०२४ मध्ये सोफी क्यारविक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. श्वास संथ करणे, ध्यान, स्नायू सैल सोडणे, अशा शरीराची उत्तेजना खाली आणणाऱ्या गोष्टींनी राग कमी होतो, आणि धावण्यासारख्या उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी एकूणात तो कमी होत नाही, असे त्यात आढळले. धावण्याचे इतर फायदे पुष्कळ आहेत. पण भांडण डोक्यात घोळवत धावणाऱ्या मुलाचा राग धावून उतरत नाही.

दीर्घ श्वास घेण्याचा सल्ला मुलांना पचत नाही, कारण चारचौघांत डोळे मिटून श्वास घेणारा मुलगा स्वतःहून चेष्टेला आमंत्रण देतो. म्हणून कोणाच्या नजरेत येणार नाही असे काही तरी शोधावे लागते. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावणे, वळलेली मूठ खिशात नेऊन उघडणे, दोन्ही टाचा जमिनीवर दाबणे, नजर समोरच्याच्या डोळ्यांवरून काढून त्याच्या खांद्याच्या पलीकडे नेणे. यांतली प्रत्येक गोष्ट लपून करता येते. खुन्नस मोडण्यासाठी नजर खाली घालावी लागत नाही, ती बाजूला नेली तरी चालते, हे कळल्यावर कित्येक मुलांना सुटल्यासारखे वाटते.

शिकागोमध्ये मुलग्यांसाठी चालणाऱ्या ‘बिकमिंग अ मॅन’ या उपक्रमातला एक छोटा खेळ या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. दोघांची जोडी करायची, एकाच्या हातात चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचे की तीस सेकंदांत तो त्याच्या मुठीतून मिळव. जवळजवळ सगळे ओढाताण करतात, बोटे पिरगळतात, एकमेकांना खाली पाडतात. नंतर विचारायचे की तू नुसता मागितला का नाहीस. मागितला असता तर तो मला नेभळट समजला असता, असे एक जण म्हणतो. आणि दुसऱ्याला विचारावे तर तो म्हणतो की मागितला असता तर दिला असता, साधा चेंडू तर आहे. मागणे हा मार्ग त्यांच्या मनात आलाच नव्हता आणि आला असता तरी नेभळट ठरण्याच्या धास्तीने तो टिकला नसता, हे मुलांना स्वतःच्या हातांवरच्या ओरखड्यांतून कळते. या उपक्रमाची परीक्षा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांवर दोनदा झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले: उपक्रम चालू असताना सहभागी मुलांना एकूण गुन्ह्यांसाठी अटक होण्याचे प्रमाण २८ ते ३५ टक्क्यांनी आणि हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचे प्रमाण ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाले. मुलांना चांगले-वाईट शिकवल्याने हे घडले, असे अभ्यासकांना वाटत नाही. आपोआप होणाऱ्या प्रतिक्रियेआधी क्षणभर थांबून, हा प्रसंग नेमका कोणता आहे, असे स्वतःला विचारण्याची सवय लागली, हे त्यांनी त्याचे कारण मानले आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट मान्य केली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते: वस्तीतल्या काही प्रसंगांत ताबडतोब प्रतिकार करणे हेच त्या मुलाच्या हिताचे असू शकते. मुलाचे जग धोक्याचे आहे हे नाकारून त्याला सौम्यपणा शिकवता येत नाही.

मागे फिरताना तोंडून काय निघावे, याचा सराव आम्ही गटात करतो. मोठ्यांनी सुचवलेली वाक्ये या कसोटीला उतरत नाहीत. ‘मला तुझे वागणे आवडले नाही’ हे वाक्य मी एकदा सुचवले तेव्हा मुले गंभीरपणे म्हणाली की हे बोलणाऱ्याला शाळा सुटेपर्यंत सोडणार नाहीत. मग त्यांनी स्वतःची वाक्ये आणली आणि एकमेकांवर तपासून पाहिली. ‘तुझ्या नादी कोण लागणार’ हे वाक्य बाद झाले, कारण त्यात टोमणा आहे आणि समोरच्याला उत्तर देणे भाग पडते. ‘शर्ट बदलून येतो’ हे टिकले. ‘जाऊ दे, उशीर होतोय’ हेही टिकले. मित्राचे नाव घेऊन ‘चल रे’ म्हणत निघून जाणे तर सर्वांना पसंत पडले, कारण त्यात माणूस एकटा माघार घेताना दिसत नाही. तपासता तपासता मुलांनीच ठरवले की वाक्य तोकडे असावे, ते बोलताना पाय चालू लागलेले असावेत, आणि शेवटचा शब्द आपलाच असावा हा हट्ट सोडावा. हा शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. पाठीमागून कोणी तरी काही तरी बोलतेच, आणि निम्मी भांडणे त्या पाठीमागच्या शब्दावर पुन्हा पेटतात. म्हणून सराव करताना उरलेल्या गटाने मोठ्याने ‘ओऽऽ’ करायचे आणि पाठीमागून बोलायचेही, असा नियम आहे. त्या आरोळीतून चालत दारापर्यंत जाणे मुलांना पहिल्यांदा फार जड जाते. काही जण अर्ध्यातून वळतात. काहींचा चेहरा खेळातही लाल होतो.

आरोळी ठोकणाऱ्यांवर मी आता अधिक वेळ खर्च करते. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या चित्रणाचा अभ्यास डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. छळाच्या प्रसंगांत समवयस्क मध्ये पडले ते केवळ १९ टक्के वेळा. पण ते पडले तेव्हा ५७ टक्के प्रसंगांत छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंदांत कोणतीही शिक्षा, कोणतेही भाषण, कोणताही शिक्षक तिथे पोचू शकत नाही. फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवल्ली यांनी बघणाऱ्यांच्या वेगवेगळ्या भूमिका मांडून दाखवल्या: काही साथ देतात, काही हसून बळ देतात, काही अंग काढून घेतात आणि काही पाठीशी उभे राहतात, आणि त्या देशात छळ रोखण्यासाठी तयार झालेला ‘किवा’ हा कार्यक्रम याच विचारावर उभा आहे. मुलांना भांडणात उडी घ्यायला मी कधीही सांगत नाही, ते धोक्याचे आहे. आरोळी न ठोकणे, फोन काढून चित्रण न करणे, मित्राचा दंड धरून ‘चल’ म्हणणे आणि मार खाणाऱ्याजवळ नंतर जाऊन बसणे, एवढे जवळजवळ प्रत्येकाला जमते. चित्रणाचे तर फार वाईट झाले आहे. पूर्वी भांडण बघणारे पांगले की अपमान ओसरू लागायचा. आता तो रात्री दोन वाजतासुद्धा कोणाच्या तरी हातात पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि मार खाल्लेल्या मुलाला तो किती जणांनी पाहिला याचा आकडाही दिसतो.

मुलींच्या रागाविषयी आपण फारच कमी बोलतो. त्यांच्या रागाला वाटच ठेवलेली नसते, त्यामुळे तो गटातून काढून टाकण्यात, कानगोष्टींत, कोणाचे खासगी संदेश सगळ्यांना दाखवण्यात बाहेर पडतो, आणि पुष्कळदा स्वतःच्याच अंगावर उलटतो. माझ्या मते ही हिंसाच आहे, आणि ती रक्त निघाल्याशिवाय कोणी मोजत नाही म्हणून जास्त काळ चालते.

मोठ्यांनी काय करू नये, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार मुलांवरील संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. चापट मारण्यासारख्या शिक्षेचा संबंध मुलांच्या अधिक आक्रमकतेशी आणि अधिक समाजविघातक वागण्याशी जोडला गेलेला त्यात दिसला. भीती घालण्याचे प्रयोगही झाले. अमेरिकेत १९७० च्या दशकात वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून धाक दाखवण्याची पद्धत लोकप्रिय झाली होती. पुढे अँथनी पेट्रोसिनो यांनी अशा उपक्रमांच्या नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा तिथे नेलेली मुले न नेलेल्यांपेक्षा अधिक गुन्हे करताना आढळली. सगळ्या ‘त्रासदायक’ मुलांना एकत्र बसवून शहाणपण शिकवावे, ही कल्पना सोयीची असली तरी टॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की असे गट उलटू शकतात, कारण तिथे मुले एकमेकांच्या आक्रमक गोष्टींना हसून दाद देतात. या सगळ्यापेक्षा रोजची आणि अधिक नुकसान करणारी गोष्ट मला वाटते ती भर वर्गात केलेला पाणउतारा. मारामारी केलेल्या मुलाला सर्वांसमोर उभे करून बोलणारा शिक्षक, ज्या भीतीने त्याचा हात उठला होता तीच भीती त्याच्या अंगावर पुन्हा घालतो, आणि वर अशी अपेक्षा करतो की त्याने या वेळी मात्र मान खाली घालावी. मुलाला बाहेर बोलावून, हळू आवाजात, कोणी ऐकत नसताना तेच शब्द सांगितले, तर त्यातले निदान अर्धे पोचतात.

काही बाबी रागाच्या शिकवणीत कधीही बसवू नयेत. एकच मूल दिवसेंदिवस त्रास देत असेल आणि दुसरे सोसत असेल, तर तिथे दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणे अन्यायाचे आहे. सोसणाऱ्याला संरक्षण द्यायचे असते. कोणी हत्याराची भाषा करत असेल, कोणाला मारायचे याचा बेत सांगत असेल, स्वतःला संपवण्याचे बोलत असेल किंवा घरी मार खात असेल, तर गुप्ततेचे वचन मोडून त्याच दिवशी जबाबदार व्यक्तींना आणि यंत्रणेला कळवावे लागते, आणि आपण असे कळवणार आहोत हे मुलाला पहिल्या भेटीतच सांगून ठेवावे लागते. अपुरी झोप, उपासमार, नशा, न ओळखलेले नैराश्य, हेही रागाचा वेष घेऊन येतात. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोपेची गरज असते असे तज्ज्ञ सांगतात, आणि माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी मुलांना त्याच्या जवळपासही झोप मिळत नाही.

शिक्षा, चौकशी, पालकांची भेट हे सगळे पार पडल्यावर उरतो तो मारामारीनंतरचा वर्गातला पहिला दिवस, आणि त्याची तयारी बहुतेक ठिकाणी कोणीच करत नाही. दोघेही आत येतात तेव्हा सारा वर्ग पुढचा अंक बघायला टपलेला असतो, आणि दोघांपैकी एकालाही पहिले पाऊल मागे घेता येत नाही. मारामारी बरोबरीची असेल आणि दोघांची तयारी असेल, तर मी त्यांना घंटेच्या आधी, इतर कोणी नसताना भेटवते. माफी मागण्याची सक्ती करत नाही; मनात नसलेली माफी दोघांनाही ओळखू येते. त्याऐवजी एकच काम देते: आत गेल्यावर ‘काय झालं रे तुमचं?’ असे विचारले जाईल, तेव्हा दोघांनी द्यायचे उत्तर एकच असावे आणि ते दोघांनी मिळून ठरवावे. ‘मी त्याला सोडून दिलं’ हे चालणार नाही, कारण त्यात दुसरा हरतो. ‘सरांनी मिटवायला लावलं’ हेही मुले स्वतःच नाकारतात. बहुतेक वेळा ‘झालं ते झालं, मिटलं आमचं’ अशा काही तरी शब्दांपाशी ती येऊन थांबतात. कधी हे पाच मिनिटांत ठरते, कधी पहिला तास पूर्ण जातो. ज्या दिवशी ते ठरतच नाही, त्या दिवशी त्या दोघांना एका वर्गात बसवू नये, असा आग्रह मी शिक्षकांकडे धरते.